गाडीच्या वाट्याचं पाणी

माझ्या गाडीनं पहिला फटाका तहसील कचेरीसमोर फोडला. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे म्हणून तिथं मंडप घालून माणसं उपोषणाला बसली होती. धाडकन आवाज झाला तशी निम्मी माणसं सतरंजीवरून उठून उभी राहिली आणि बंदोबस्ताचा पोलीस काठी सावरत माझ्याकडं पळत आला. खिडकीतून बघतो तर स्टेअरिंगवर बाई, मागं पाण्याचे वीस जार. त्याला कसं ओरडावं तेच कळेना. सायलेन्सर बघून घ्या म्हणाला. मी म्हणलं, बघते की, आधी तुम्ही बाजूला व्हा, माझं गिऱ्हाईक खोळंबलंय.

तोंडानं मी असं बोलले, पण मनात धास्ती होती. ती गाडी बिघडणं मला परवडणारं नव्हतं. पैशाचं म्हणत नाही मी. गाडी गेली असती तर माझं घराबाहेर पडणं गेलं असतं, आणि ते मी मेले तरी सोडणार नव्हते.

ते साल दुष्काळाचं. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते. आमच्या उदगिरात नळ म्हणजे भिंतीची शोभा होती नुसती. ज्याच्या बोअरला पाणी त्याच्या दारात रांग, आणि ते पाणी तरी कसं, जड. साबणाला फेस येईना, डाळ शिजेना. प्यायचं पाणी जारातनं यायचं. गावात कुठलंही काम अडलं की लोकांचं एकच उत्तर, जिल्हा झाला की होईल. माझ्या गाडीचं दुखणं सुरू झाल्यावर शेजारच्या दुकानदारानं मला हेच सांगितलं, अक्का, थांबा थोडं, जिल्हा झाला की कंपनीचं वर्कशॉपच इथं येतंय. मी म्हणलं, तोवर रोज ढकलायला तू येतोस का?

जारांचा धंदा आमच्या मालकांचा. मालक म्हणजे माझा नवरा, आमच्याकडं तसंच म्हणतात. आदल्या साली त्यांचा मणका सरकला. वजन उचलायचं नाही आणि गाडीवर बसायचं नाही म्हणून डॉक्टरनं सांगितलं. गाडी दारात उभी आणि गिऱ्हाईकं फोनवर फोन करून राहिलेली. मी म्हणलं, मी शिकते. मालक हसले नाहीत, एवढे त्यांचे उपकार. पडल्या पडल्या त्यांनी मला जमिनीवर तीन पाट मांडायला लावले. हा क्लच, हा ब्रेक, हा अॅक्सिलेटर. मी खुर्चीवर बसून पाट दाबायची आणि ते खाटेवरनं ओरडायचे, क्लच सोड हळू, मेलं माणूस पुढचं. दोन महिन्यांनी माझ्या हातात लायसन होतं. जार उचलायचं काही कौतुक वाटलं नाही. बाईच्या कमरेला घागरीची सवय असतेच.

त्याआधी वीस वर्षं मी उंबऱ्याच्या आत काढली होती. भाजी सासरे आणायचे, दळण दीर आणायचे, माझी साडी सासूबाई निवडायच्या. कुणी छळलं म्हणून नाही, रीतच तशी. आणि आता देगलूर रस्त्यापासून सरकारी दवाखान्यापर्यंत लोक मला पाणीवाल्या अक्का म्हणू लागले. एका अनोळखी बाईनं गच्चीवरनं पहिल्यांदा तशी हाक मारली तेव्हा मला इतका आनंद झाला की तिच्या दारात मी एक जार जास्तीचाच उतरवला. नंतर परत चढवला, ती गोष्ट वेगळी.

गाडी जुनी होती. पेट्रोलवरची व्हॅन, आमच्याकडं येण्याआधी दोघांनी वापरलेली. इंजन पुढच्या सीटखाली, त्यामुळं उन्हाळ्यात बुडाखाली चूल पेटल्यागत. जुनी असली तरी कार्बोरेटरवाली नव्हती. पेट्रोल किती द्यायचं ते आतला कॉम्प्युटर ठरवायचा आणि इंजेक्टर तेवढं फवारायचा. हे मला पुढं कळलं. तोवर मला एवढंच ठाऊक, चावी फिरवली की सुरू.

आता सासऱ्यांचं सांगते, कारण सगळं त्यांच्यापाशी येऊन थांबतं. आम्ही लिंगायत. सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, पूजेशिवाय चहा चालत नसे. दुष्काळात त्यांनी घरातल्या पाण्याचा कायदाच केला होता. जारातलं गोड पाणी आधी लिंगाला, मग माणसांना. बोअरचं खारं पाणी अंघोळीला, धुण्याभांड्याला. वापरून उरलेलं बेलाच्या झाडाला. गोड पाण्याचा घोट कुणी सांडला तर अप्पा घर डोक्यावर घ्यायचे. गाडीचा नंबर अर्थातच बोअरच्या पाण्यात. तिचं रेडिएटर जरासं झिरपायचं, म्हणून रोज सकाळी तिला तांब्याभर पाणी लागायचं, आणि ते काम अप्पांनी आपणहून घेतलं होतं. पूजा झाली की कपाळावरचं भस्म न पुसता बाहेर यायचे, झाकण काढून तांब्या ओतायचे आणि पत्र्यावर थोपटायचे. म्हणायचे, मुकं जनावर आहे, मागणार न्हाई, आपणच द्यावं.

गाडीवर त्यांची माया होती. माझ्या गाडी चालवण्यावर नव्हती. आमच्यात घामाच्या कामाला कायक म्हणतात आणि ते पूजेच्या बरोबरीचं धरतात. अप्पा आपल्या भांड्यांच्या दुकानाला कायक म्हणायचे. मालक गाडी चालवत होते तोवर जारांच्या धंद्यालाही म्हणायचे. मी गाडी धरली आणि त्यांच्या तोंडातला तो शब्द गेला. हिचं ते पाण्याचं, एवढंच म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मला ते लई टोचायचं.

तर पहिल्या फटाक्यानंतर गाडीनं रोजचाच तमाशा मांडला. आधी मिसिंग सुरू व्हायचं. तीन सिलिंडरची गाडी, त्यातला एक मधूनच काम सोडून द्यायचा, मग झटके देत लंगडत चालायची. आणि अॅक्सिलेटरवरचा पाय काढला रे काढला की मागं धाड. दवाखान्याच्या चढावर तर हमखास. तिथला वॉचमन माझी गाडी खाली दिसली की दोन्ही कानांत बोटं घालून उभा राहायचा. एका बाळंतिणीच्या घरून निरोप आला, अक्का, पाणी नको पण तुमची गाडी आवरा, लेकरू दचकून उठतंय. त्या दिवशी मला रडू आलं.

सल्ले मात्र फुकट. सासूबाईंनी लिंबू-मिरची बांधली. कुणी म्हणालं पेट्रोलात भेसळ, कुणी म्हणालं सायलेन्सर फुटला. आणि जो तो शेवटी उन्हावर यायचा. ऊनच एवढं आहे, इंजन तापतं, पेट्रोलची वाफ होते, पाइपावर ओलं पोतं टाका. मी टाकलं ओलं पोतं. भर दुपारी, भर गल्लीत, पाण्यासाठी बायका घागरी घेऊन ताटकळलेल्या आणि मी गाडीला पोतं भिजवून राहिलेली. त्या बायकांनी मला जे ऐकवलं ते लिहिता येत नाही. बरं, एवढं ऐकून गाडी तरी सुधारावी, तर चौथ्या घरापाशी पुन्हा धाड. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

आमचे मिस्त्री चाचा बिदर रस्त्यावर कडुलिंबाच्या झाडाखाली गॅरेज चालवायचे. साठी ओलांडलेला माणूस, हात सोन्यासारखा, पण सगळी उमर कार्बोरेटरच्या गाड्यांत गेलेली. त्यांनी प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, कॉइल बदलली. दरवेळी एक दिवस गाडी शहाण्यासारखी वागायची आणि दुसऱ्या दिवशी मागचे पाढे पंचावन्न. चाचांनी स्वतःच सांगितलं, ये कॉम्प्युटरचं माझ्या डोक्यात बसत न्हाई अक्का, लातूरला दाखव.

त्याच दिवशी, बुधवारी, माझे धाकटे दीर लातूरहून आले. तिकडं नोकरीला आहेत. त्यांनी सोबत गिऱ्हाईकच आणलं होतं, जुन्या गाड्या घेणारा. अक्षयतृतीयेच्या आत गाडी देऊन टाकू म्हणाले. वैनीला कशाला हा ताप, लोक हसून राहिलेत, तहसीलसमोर पोलीस आला, घराची अब्रू काय राहिली. सगळं बोलणं माझ्यासमोर, पण माझ्याशी नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी चहाची भांडी अशी आदळली की मालक आतनं म्हणाले, अगं, कप फुटले तर कपाचा काय दोष.

 मग अप्पा माझ्याकडं बघून, पहिल्यांदाच माझ्याकडं बघून, म्हणाले, "येत्या सोमवारी भरल्या गाडीनं दवाखान्याचा चढ चढायचा. मी येतो, हा पण येतो. एक जरी आवाज झाला तर चावी माझ्या हातात द्यायची."

मी म्हणलं, हाव. दुसरं काय म्हणणार होते?

गुरुवारी मी एकटी लातूरला गेले. झटके खात, फटाके फोडत, चाकूर येईतो घामानं ओली झाले. तिथल्या वर्कशॉपमध्ये एसी होता, आणि एका तरण्या मिस्त्रीनं गाडीला वायर लावून लॅपटॉप उघडला. पाच मिनिटांत म्हणाला, काकू, एकही फॉल्ट नाही, गाडी एकदम ओके आहे. मी म्हणलं, बाबा, फटाके मारते. तो म्हणाला, मशीन खोटं बोलत नाही. मी गाडी वळवली, त्याच्या काचेच्या दारासमोर आले आणि पाय काढला. धाड. आत सगळे खाली वाकले. मी खिडकीतनं डोकं काढून त्याला म्हणलं, हे तुझ्या मशीनला ऐकव. मला जरा बरं वाटलं, पण गाडी तशीच होती आणि मध्ये फक्त तीन दिवस होते.

शुक्रवारी पुन्हा चाचांच्या झाडाखाली. चाचांनी प्लग काढले. आठ दिवसांपूर्वीचे नवे प्लग, काजळीनं काळेकुट्ट. मी विचारलं, हे काळे का होतात? चाचा म्हणाले, पेट्रोल जास्ती पडून राहिलंय. जळत न्हाई सगळं. न जळलेलं मागं सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथं तापून फुटतं, तोच तुझा फटाका. मग मी त्यांना माझ्या मनातलं सांगितलं. सगळे म्हणतात ऊन लागतं. पण भर दुपारी दोन तास उन्हात उभी करून सुरू केली तर पहिली तीन घरं गाडी गुणाची चालते. चौथ्यापासून बिघडते. सकाळी सहाला काढली तरी चौथ्यापासूनच. म्हणजे तिला वरचं ऊन बाधत नाही. तिचं स्वतःचं अंग तापलं की मग ती येड्यावानी करते.

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "अक्का, जुन्या गाडीत आपण सकाळी चोक ओढायचो. गार इंजनाला पेट्रोल जास्ती लागतं म्हणून. गाडी गरम झाल्यावर चोक आत ढकलायचा विसरला, तर बिलकुल हेच व्हायचं. काळा प्लग, मिसिंग, फटाके."

मी म्हणलं, "पण हिला चोक कुठंय?"

न्हाई, म्हणाले. हिचा चोक कॉम्प्युटरच ओढतो आणि कॉम्प्युटरच सोडतो.

मग त्याला कसं कळतं गाडी गरम झाली म्हणून? चाचांनी डोकं खाजवलं. पाण्यात एक सेन्सर असतो म्हणाले. इंजनाच्या पाण्यात बुडालेला. पाणी किती गरम ते तो वर सांगतो. पण तो बिघडला असता तर लातूरच्या मशीननं दाखवलं असतं की. आमचं दोघांचं घोडं तिथं अडलं. जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली, चाचा गेले, मी उरलेले जार वाटत घरी आले. प्रत्येक झटक्याला मनात म्हणत होते, चोक कोण ओढतंय, चोक कोण ओढतंय.

शनिवारी सकाळी मालकांच्या पाठीला शेकायला पाणी ठेवलं. बादलीत रॉड सोडला. बोअरचंच पाणी. पोहे झाले, भांडी झाली, तरी पाणी कोमटच. मालक आतनं ओरडले, पाणी तापतंय का दळण दळतंय? मी रॉड बाहेर काढला. त्याच्यावर पांढरा थर, बोटभर जाड. दर आठवड्याला मी तो थर लिंबाच्या सालीनं घासून काढायची, पण त्या आठवड्यात गाडीच्या नादात राहून गेलं होतं. आत तार लालबुंद तापलेली आणि बाहेर पाणी गार, कारण मध्ये या क्षाराची भिंत.

मी तो रॉड हातात धरून तशीच उभी राहिले. हेच पाणी रोज सकाळी गाडीत जात होतं. आणि त्याच पाण्यात तो सेन्सर बुडून बसला होता.

मालकांना शेक मिळाला नाही. मी रॉड पिशवीत घातला, गाडी काढली आणि थेट चाचांकडं. गाडीनं वाटेत चार फटाके मारले, मी म्हणलं, मार, किती मारायचे ते मारून घे.

चाचांनी रॉड बघितला आणि सीट उचलली. इंजन चालूच होतं, लंगडत, धडधडत. सेन्सर कुठं ते शोधायला त्यांनी हात आत घातला, आणि त्याच्या डोक्यावरची वायर जरा ओढली असेल नसेल, ती निसटलीच. निसटली तसा रेडिएटरचा पंखा गरकन सुरू झाला. आणि गाडी शांत झाली. तिन्ही सिलिंडर एका सुरात. इतक्या दिवसांत मी तो आवाज विसरलेच होते. चाचांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. त्यांनी वायर परत बसवली. मिनिटभरात मिसिंग. वायर काढली, गाडी शहाणी. बसवली, येडी. पाच वेळा केलं आम्ही ते, लहान लेकरांवानी.

चाचांना आता सगळा उलगडा झाला. सेन्सर पुरता मेला असता तर कॉम्प्युटरला कळलं असतं, त्यानं तक्रार केली असती. वायर काढल्यावर त्याला तेच वाटलं, सेन्सर गेला, मग तो आपल्या अंदाजानं गाडी गरम धरून चालला. पण वायर बसवली की हा आंधळा सेन्सर सांगायचा, पाणी गार आहे, आणि कॉम्प्युटर बिचारा गार समजून पेट्रोल ओतत राहायचा. मशीन खोटं बोलत नव्हतं. मशीनला खोटं सांगितलं जात होतं. दुखणं हाल्याला आणि डाग पखालीला, तशी आम्ही प्लग आणि कॉइलीला शिक्षा करत बसलो होतो.

सेन्सर खोलून बाहेर काढला तर अंगठ्याएवढा जीव, सगळा पांढरा, चुन्याच्या डबीतनं बोट काढल्यागत. वायरीच्या पिनांवरही हिरवट-पांढरा गंज. गंजानंही तो खोटं बोलत होता, क्षारानंही. मी समोरच्या टपरीवरनं लिंबू आणलं. चाचांनी पिना पॉलिश पेपरनं घासल्या, मी सेन्सर लिंबानं घासला. खालचं पितळ चमकायला लागलं तेव्हा मला इतका अभिमान वाटला, दहावी पास झाले तेव्हाही वाटला नव्हता. चाचा म्हणाले, चाळीस बरस गाड्या खोलून राहिलो, पण स्वैपाकघरातनं आलेला मिस्त्री आजच बघितला.

पण काम संपलं नव्हतं. चाचांनी रेडिएटरचं झिरपणं झाळून बंद केलं आणि बजावलं, आतलं सगळं पाणी काढून गोड पाण्यानं दोनदा धुवायचं, मग गोडच भरायचं, त्यात कूलंट टाकायचं. खारं पाणी परत गेलं तर महिन्यात हेच. मागं जार भरलेले होते. एक फोडून तिथंच ओतला असता तर कुणाला कळलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून अप्पा तांब्या घेऊन येणार होते. त्यांना सांगणं भाग होतं.

मला राग यायला पाहिजे होता. माझं सगळं पणाला लागलं होतं आणि कारण काय, तर त्यांचा तो तांब्या. वाटेत मी मनातल्या मनात चार वाक्यंही जुळवून ठेवली होती, चांगली तिखट. पण घरी आले तर अप्पा ओट्यावर बसून गाडीचाच तांब्या चिंचेनं घासत होते. माझी चारही वाक्यं घशात राहिली.

मी त्यांच्यापुढं रॉड ठेवला. शेजारी, चाचांनी कागदात बांधून दिलेला सेन्सरवरचा क्षार ठेवला. म्हणलं, "अप्पा, गाडीला बोअरचं पाणी बाधलंय."

त्यांनी तो क्षार चिमटीत घेऊन चुरडला. वास घेतला. "मी पाजलेलं?"

"हाव. तुम्ही मायेनंच पाजलं. तिला मानवलं न्हाई."

अप्पा उठून आत गेले. मला वाटलं, झालं, आता सोमवारची वाट बघायचीसुद्धा गरज नाही. सासूबाई दारात येऊन माझ्याकडं बघायला लागल्या. तेवढ्यात अप्पा बाहेर आले. हातात पूजेच्या पाण्याची तांब्याची घागर, काठोकाठ भरलेली. आमच्या घरात त्या घागरीला दुसरं कुणी हात लावत नसे. त्यांनी ती गाडीपाशी ठेवली आणि म्हणाले, हे घे, आणि जारही घे किती लागतील ते. मी म्हणलं, अहो, पण उद्या लिंगाला?

"त्याला बोअरचं चालतंय," अप्पा म्हणाले. "तो काय मिसिंग मारत न्हाई."

मालक खाटेवर इतके हसले की पाठीत कळ आली. आम्ही दोघांनी, सासऱ्यानं आणि सुनेनं, गाडी धुतली आतनं. निघालेलं पाणी ताकासारखं पांढरं होतं. अप्पांनी तेही वाया जाऊ दिलं नाही, संडासाच्या बादलीत भरून ठेवलं. सासूबाई मात्र शेवटपर्यंत सांगत राहिल्या, लिंबानंच बरी झाली की शेवटी, मी आधीच बांधलं होतं.

सोमवारी वीस जार भरले. अप्पा माझ्या शेजारी बसले, धोतर सावरून. दीर मागं, जारांच्या मध्ये अंग चोरून. मी गाडी काढली. पहिलं घर. दुसरं. तिसरं. चौथ्या घरापाशी मी श्वास धरला, आणि गाडी अशी गुमान पुढं गेली की श्वास सोडायचंच राहिलं. तहसीलपुढं मंडप होता तसाच होता. गाडी बघून तिथल्या दोघांनी आधीच कान झाकले, आणि तो पोलीसही पुढं आला. मी मुद्दाम त्यांच्यासमोर पाय काढला. काही नाही. पुन्हा दाबला, पुन्हा काढला. काही नाही. मंडपातनं एक म्हातारा ओरडला, अक्का, आज फटाके विसरलात का घरी? त्यांचा जिल्हा अजूनही झालेला नाही, पण त्या दिवशी ती सगळी माणसं माझ्याकडं बघून हसली आणि मी हात केला.

मग दवाखान्याचा चढ. मी दुसरा गिअर टाकला. वॉचमननं वर बोटं कानांत घातली. निम्मा चढ झाला, मागं जार डुचमळले, दीर काहीतरी पुटपुटले. मी कुणाकडंच बघितलं नाही, नुसतं इंजन ऐकत होते. तिन्ही सिलिंडर. तिन्ही. वर सपाटीला आल्यावर गाडी थांबवली, तरी वॉचमन कानांत बोटं घालूनच उभा. मी खिडकीतनं म्हणलं, काढा आता, संपलं ते. मला हसू फुटलं ते थांबेचना.

तेवढ्यात मागं दिरांचा फोन वाजला. गाडी घेणारा होता. कधी येऊ म्हणून विचारत होता. दीर गडबडले, एक मिनिट म्हणाले, आणि मागूनच अप्पांना विचारलं, काय सांगू?

अप्पांनी मान वळवली नाही. समोरच्या काचेतनं रस्ता बघत होते.

"गाडी विकायची न्हाई म्हणून सांग," ते म्हणाले. "माझ्या सुनेचं कायक आहे ते."

मला समोरचं धूसर दिसायला लागलं. पदरानं डोळे पुसले, पहिला गिअर टाकला. अजून सहा घरं राहिली होती.